शेऱ्याचा रकाना

माझ्या दुकानातल्या मापाच्या वहीला नऊ रकाने आहेत. उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा आणि शेवटचा शेरा. पहिले आठ कुठल्याही शिंपिणीकडे असतात. नववा मी स्वतः पट्टीनं आखून घेतला, दुकान सुरू केलं त्याच वर्षी.

दुकान सोलापुरात, भवानी पेठेत आहे. दोन मशिनं, एक आरसा, ट्रायलपुरता पडदा. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वीस-बावीस वर्षांत बायका खूप आल्या आणि प्रत्येकीचं काहीतरी असतं, जे टेपनं मोजता येत नाही. ते शेऱ्यात जायचं. "डावा खांदा उतरता." "मागचा गळा स्वतः सांगते त्याहून अर्धा इंच वर घेणे, सासूबाई तपासतात." "पाचवा महिना, माया जास्त सोडणे." "बाही कोपरापर्यंतच, दंडावर भाजल्याचा डाग, विचारू नये."

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. घरी दाराच्या मागे कागद चिकटवलेला असतो: गॅस, पाण्याची मोटर, किल्ली. पोरं हसतात. पण माझ्या घरात गॅस कधी चालू राहिलेला नाही, आणि माझ्या दुकानात एकाच बाईला एकच गोष्ट दोनदा सांगायला लागलेली नाही. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

अक्का उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातून यायची. नाव लिहीत नाही. ऊस, केळी, दारात दोन शेळ्या, असं घर. पूर्वी वर्षातून एकदा यायची, लग्नसराईच्या आधी, आणि आली की दुकान दणाणून सोडायची. एकदा मात्र आली ती कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसून राहिली. बाकीच्या बायका गेल्यावर म्हणाली, "ताई, दार जरा लोटता का?"

मी दार लोटलं. तिनं पदर काढला.

"डावीकडं काय न्हाय आता," म्हणाली. "काढलं."

ऑपरेशन सोलापुरातच झालं होतं. गावात पोटातली गाठ काढली असं सांगितलं होतं. मुलाला आणि सुनेलाही तेच. "मालकाला म्हाईत हाय, डाक्टरला म्हाईत हाय आन आता तुमाला. बास."

मी विचारलं, घरात सांगायला काय हरकत आहे? सून तर चांगली आहे म्हणता.

"सून चांगलीच हाय वो. पर आमच्या जावंचं असंच झालं हुतं. बाया मग तोंडाकडं बघून बोलत न्हाईत. हितं बघत्यात." तिनं हात छातीवर ठेवला. "मरस्तवर तिच्या तोंडाकडं कुनी बघितलं न्हाय. मला तसलं नगं."

मी ब्लाउजला आतून मलमलचा खिसा लावला. त्यात घालायला थैली शिवली. नुसता कापूस हलका होतो, हात वर केला की थैली वर सरकते. म्हणून मध्ये मोहरी घातली, तान्ह्या बाळाच्या उशीत घालतात तशी. वजन बरोबर बसलं. अक्कानं आरशासमोर दोन्ही हात वर करून बघितले, खाली केले, पुन्हा वर केले, आणि म्हणाली, "आता भांडायला बी हरकत न्हाय."

ती गेल्यावर मी शेरा लिहिला. "डावी बाजू ऑपरेशन, काढलेली. आतून मलमलचा खिसा, थैलीत कापूस व दोन मुठी मोहरी. दार लोटून माप घेणे. घरी माहीत नाही." पानाच्या डोक्यावर, नावाशेजारी फोनच्या जागी सुनेचा नंबर. अक्काला वाचता येत नाही, स्वतःचा फोनही नाही. सून सगळं वाचून दाखवते, विजेच्या बिलापासून कुणाच्या लग्नाच्या आमंत्रणापर्यंत. अक्का बजावून गेली होती, "झाला की फकस्त 'झाला' म्हना. जास्त बोलू नगा."

हे मी का लिहिलं? तिला दर वर्षी पुन्हा पदर काढून तेच सांगायला लागू नये म्हणून. एवढंच कारण होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, कंपनीची बाई आली. चांगली बोलणारी, तिशीची, हातात टॅब. त्यांच्या कंपनीनं शिवणकाम करणाऱ्यांसाठी अ‍ॅप काढलं होतं. मापं त्यात भरायची, गिऱ्हाइकाचं नाव टाकलं की पान समोर. शिवाय अस्तर, लेस, तयार पॅड असला माल त्यांच्याकडूनच मागवता येणार. अ‍ॅप फुकट.

"मॅडम, वही भिजली तर?" ती म्हणाली.

तिनं बरोबर जागी बोट ठेवलं. आदल्या पावसाळ्यात पत्र्यातून पाणी येऊन माझ्या एका वहीची दहा-बारा पानं पुसली होती. ती मापं पुन्हा घेताना माझा जीव मेटाकुटीला आला होता.

मी तिला वह्या दाखवल्या. ती एकेका पानाचा फोटो काढत गेली आणि मध्येच थांबून म्हणाली, "किती सुंदर अक्षर आहे तुमचं! बाकीच्या टेलरांचं आम्हाला माणसं बसवून भरून घ्यावं लागतं. तुमचं मशीन सरळ वाचतंय. बघा, शेऱ्यासकट आलं."

मी बघितलं. शेऱ्यासकट आलं होतं. मला बरं वाटलं.

मग टॅबवर अटी आल्या. मी वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्डसुद्धा शेवटपर्यंत वाचते. पण त्या वेळी पडद्याआड एक बाई ट्रायल घेऊन उभी होती आणि दुसरी घाई करत होती. ग्राहकांची माहिती आम्ही जपतो, सेवा सुधारण्यासाठी वापरतो, असं काहीतरी वाचलं. शेवटी एक चौकोन होता: माझ्या ग्राहकांची परवानगी मी घेतली आहे.

"हे कसं?" मी विचारलं. "एकेकीला विचारायचं?"

"सगळे टिकच करतात, मॅडम."

चौकोन रिकामा ठेवला तर पुढे जाता येत नव्हतं. मी टिक केली.

दोन-अडीच महिने उत्तम गेले. मग एके दिवशी आमच्या गल्लीतली शिक्षिका दुकानात आली, मोबाइल माझ्या नाकासमोर धरून.

"काय हो, माझं पोरगं बालवाडीत जायला लागलं आणि तुमच्या दुकानाला आत्ता कळलं होय मला दिवस गेलेत ते?"

संदेश माझ्या दुकानाच्या नावानं होता. तुमच्या विश्वासू टेलरकडून, आई होणाऱ्या तुमच्यासाठी सैल आणि आरामदायी ब्लाउज. खाली लिंक.

"नवरा सकाळपासून माझ्याकडे संशयानं बघतोय," ती म्हणाली. "दुपारचा डबासुद्धा न्यायला विसरला, घाबरून."

दुकानातल्या सगळ्या हसल्या. मीही हसले. हसता हसता विचार आला की हे त्यांना कुठून कळलं? पाचवा महिना, माया जास्त सोडणे. चार वर्षांपूर्वीचा शेरा होता. शेऱ्याला मी तारीख घालत नव्हते, तेवढी एक गोष्ट राहिली होती.

आणि मग अक्काचं पान आठवलं. शिक्षिका अजून बोलत होती. मला ऐकू येईना.

मी कागद घेतला आणि करायच्या कामांची यादी केली. एखादं काम होत नसेल तर ते नीट क्रमानं केलेलं नसतं, असं मी पोरांना सांगत आले होते.

पहिलं, अ‍ॅपमधून अक्काचं नाव काढणं. काढलं. "तुमच्या यादीतून नोंद काढली" असं आलं. खात्री करायची म्हणून शिक्षिकेचंही काढलं. दुसऱ्याच दिवशी तिला पुन्हा संदेश, आता झबल्यांचा. म्हणजे माझ्या यादीतून गेलं होतं, त्यांच्याकडून नाही.

दुसरं, कंपनीला फोन. बराच वेळ गाणं वाजलं आणि मग एक मुलगी बोलली. सभ्य होती, मी आवाज चढवला तरी तिचा चढला नाही.

"तुमच्या ग्राहकांची माहिती पूर्ण सुरक्षित आहे मॅडम. बाहेरच्या कोणालाही मिळत नाही."

"बाहेरच्यांचं नाही म्हणत मी. तुम्ही पाठवू नका, एवढंच म्हणतेय."

"ती आमची सेवा आहे मॅडम."

"एका बाईपुरती बंद करा."

"त्यासाठी त्यांनी स्वतः अर्ज करायचा. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जाईल, तो त्यांनी आम्हाला सांगायचा."

"तो नंबर तिचा नाही. तिच्या सुनेचा आहे."

"मग सुनेनं सांगितला तरी चालेल."

"अहो, सुनेला कळू नये म्हणून तर फोन केलाय मी!"

"ही पद्धत ग्राहकांच्या सुरक्षेसाठीच आहे, मॅडम."

"मग नंबर बदला. माझा घाला."

"नंबर बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी जातो."

मी फोन ठेवला. यादीवरच्या दुसऱ्या ओळीवर काट मारता येईना आणि तशीच ठेवताही येईना.

तिसरं, ईमेल. तक्रार क्रमांक आला, उत्तर नाही. चौथं, टॅबवाली बाई. तिनं फोन उचलला, ओळखही दिली. "आता सोलापूर माझ्याकडे नाही मॅडम," म्हणाली. कुणाकडे आहे, ते तिलाही माहीत नव्हतं.

राहिली ती अक्का. तिला संदेशाच्या आधी गाठायचं होतं, आणि तिला गाठायचा एकच रस्ता होता, सुनेचा फोन. मी काय बोलायचं ते आधी लिहून काढलं आणि नंबर लावला.

"आत्या, सोलापूरच्या टेलरताईंचा फोन!" सून ओरडली. ती सासूला आत्या म्हणते. "त्येंचं हात चिकात हायती, मी स्पीकरवर टाकते. बोला."

मागे पाच-सहा बायकांचा गलका ऐकू येत होता. लिहून काढलेलं सगळं वाया गेलं.

"अक्का," मी म्हणाले, "माप पुन्हा घ्यायचं होतं. सोलापूरला येता का उद्या?"

"आत्ता? कुरडया घातल्यात की! गव्हाचा चीक चुलीवर हाय. माप काय बदलतंय व्हय माजं ह्या वयात?"

"मग मीच येते."

"तुमी? हितं?" ती मोठ्यानं हसली. मागच्या बायकाही हसल्या. "या की, या. सोऱ्या दाबायला मानूस कमीच हाय."

त्या संध्याकाळी मी वहीतलं तिचं पान फाडलं. माझ्या वह्यांच्या पानांना क्रमांक असतात आणि तोपर्यंत एकही पान फाडलेलं नव्हतं. पट्टी लावून सरळ फाडलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. सकाळी टेंभुर्णीची एसटी धरली, तिथून वडाप. जीपमध्ये केळीचे घड आणि त्यांच्यामध्ये मी. काय करायचं ते ठरलेलं होतं: आधी अक्काला आत नेऊन सांगायचं, मग दुकानाचा नवा नंबर घालून देते म्हणून सुनेचा फोन मागायचा आणि त्यात कंपनीचे संदेश बंद करून टाकायचे. पाच मिनिटांचं काम होतं.

अंगणात बाजांवर धुतलेली पातळं अंथरली होती आणि त्यावर ओल्या कुरडयांच्या रांगा. बायका कामात होत्या. मी आत शिरले तशा सगळ्या गप्प झाल्या. कालच्या फोनवर इतका गलका होता, म्हणून ते जास्तच जाणवलं.

"या ताई," अक्का म्हणाली. सोऱ्या तिच्या हातात होता. शेजारच्या बाईनं तो हळूच काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, अक्का. डावा हात दुखंल."

अक्काचे दोन्ही हात रिकामे झाले. ते कुठे ठेवायचे तिला कळेना. ती माझ्याशी बोलत होती, एसटी वेळेवर मिळाली का, च्या घेता का, आणि अंगणातल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. एकही तिच्या तोंडाकडे बघत नव्हती.

मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

सून मला पाणी द्यायला रांजणापाशी घेऊन गेली. डोळे सुजलेले होते. "कंपनीचं मेसेज रोज कितीतरी येत्यात, मी बघत बी न्हाय," ती म्हणाली. "पर तुमचा फोन झाला आन घंटाभरानं तुमच्या दुकानाच्या नावानं आलं. म्हटलं, ताईंनी मापाचंच काय लिव्हलं असंल. म्हनून नेहमीसारखं मोठ्यांदा वाचलं. आत्याचं नाव, मग ऑपरेशननंतरचं खास ब्लाउज, डाव्या बाजूचं पॅड... वाचता वाचता कळलं वो मला. पर तवर वाचून झालं हुतं."

मी फोन केला नसता तर ते तिनं वाचलंच नसतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिच्या लक्षात आलं असेल तर तिनंही दाखवलं नाही.

अक्का मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं नाही.

"तुमी सांगितलं का कुनाला?"

"नाही. लिहून ठेवलं होतं. कंपनीवाल्यांनी ते वाचलं."

"लिव्हलं कशाला?"

"तुम्हाला दर वेळी पुन्हा सांगायला लागू नये म्हणून."

तिनं चिकाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मला सांगायचं हुतं की. वरसातनं एकदा तुमच्यापाशीच बोलत हुते म्या त्यातलं. दुसरं कोन हाय?"

मी पर्समधून पान काढून तिला दिलं.

"ह्ये काय?"

"तुमचं पान. वहीतलं."

"आन त्येंच्यातलं?"

"ते त्यांच्याकडेच आहे. निघत नाही. सगळं करून बघितलं मी."

"मंग ह्ये घिऊन मी काय करू?" ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती. ती बाहेर आली आणि चिकाच्या पातेल्याखाली, चुलीत, तिनं तो कागद सारला. बायकांनी त्याकडेही बघितलं.

मी सुनेच्या फोनवर कंपनीचे संदेश बंद केले. आठवड्याभरात दुसऱ्या नंबरवरून सुरू झाले. ती आता न वाचता पुसते. मी अ‍ॅप काढून टाकलं, तरी महिन्याच्या महिन्याला मला न चुकता संदेश येतो: तुमच्या ग्राहकांची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. ते खोटंही नाही. तिथून ती हलतच नाही.

अक्का आता परत यायची नाही असं मी धरून चालले होते. पण लग्नसराईत आली. नातेपुत्याला भाच्याचं लग्न होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जायची तिनं वाट बघितली नाही. सरळ आरशासमोर उभी राहिली. मीच दोघींना थोड्या वेळानं या म्हणून दार लोटलं.

टेप लावला. आकडे मनात म्हणत गेले.

"लिव्हा की," ती म्हणाली.

"राहतं लक्षात."

"न्हाय ऱ्हायाचं. लिव्हा. आता कुनाला भ्यायचं?"

मी वही उघडली. आठ रकाने भरले. तिला वाचता येत नाही, पण शेवटचा रकाना मोकळा राहिलेला तिला दिसला. मग म्हणाली, "आन ती मोहरी नगा घालू औंदा. खिसा बी नगं."

"असू दे की अक्का. लग्नाला जायचंय, चारचौघांत."

"त्या चारचौघास्नी म्हाईत हाय. मोहरी घालून गेले तर जास्तच बघत्यात, खरी कंची म्हनून." ती हसली, पण पूर्वीसारखं दुकान दणाणलं नाही. "लई जड हुती तशी बी. जसं हाय तसं शिवा."

मग मी डाव्या बाजूचं माप वेगळं घेतलं. इतक्या वर्षांत कुणाचंच तसं घेतलं नव्हतं आणि वहीत त्याला रकानाही नव्हता. तो आकडा मी खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला लिहिला, त्या मापानं कात्री चालवली, आणि ब्लाउज शिवून झाल्यावर दारात उभी राहून झटकून टाकला.